गुणिजनांचा परस्परादर : करवीर प्रांताच्या संगीतेतिहासाचे एक उपेक्षित साधन

१. विषयोपन्यास

राज्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास सनदा, महजर, करीने, ताळेबंद यांचा आधार मिळतो. देवालयाचा लिहावयाचा झाल्यास शिलालेख व ताम्रपट उपयोगी पडतात. गायनाच्या इतिहासास असा आधार जवळजवळ नाही. दरबारी दप्तरात अमुक गवयास अमुक नेमणूक, अमुक सणास अमुक पोशाख, एवढ्या नोंदी सापडतात. त्यांवरून तो गवई दरबारच्या पदरी होता हे सिद्ध होते. तो गात कसा होता हे त्यांवरून कळत नाही. मोठ्या नेमणुकीचा गवई सामान्य असू शकतो, आणि ज्याचे नाव कोणत्याही जमाखर्चात नाही तो असामान्य असू शकतो. कागद टिकतो, स्वर उमटताच विरतो. आणि इतिहास तर स्वराचाच लिहावयाचा असतो.

अशा स्थितीत साक्षीवर भिस्त ठेवणे प्राप्त होते. गायनाविषयीची साक्ष तीन प्रकारची असते. पहिली आश्रयदात्याची, तीत औदार्य असते, तसाच आपल्या दरबारचा अभिमानही असतो. दुसरी श्रोत्याची, तीत आनंद असतो, परंतु तो कशाने झाला याचे ज्ञान बहुधा नसते. तिसरी समव्यवसायी गुणिजनांची. एखादी तान घेणे किती दुर्घट आहे, एखादा अप्रसिद्ध राग अर्धा घटका शुद्ध राखणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतः बारा-बारा वर्षे मेहनत केली त्यालाच ठाऊक असते. नैयायिकांच्या मते वस्तू जशी आहे तशी जाणणारा व तशीच सांगू इच्छिणारा तो आप्त. प्रतिस्पर्धी गवयाच्या ठायी जाणण्याचा भाग पूर्ण असतो. आणि दुसऱ्याची थोरवी सांगण्यात त्याचा स्वार्थ नसतो, उलट हानीच संभवते. म्हणून अशा माणसाने केलेली प्रशंसा आश्रयदात्याच्या व श्रोत्याच्या साक्षीहून अधिक वजनाची मानिली पाहिजे.

परंतु येथे एक विवेक अवश्य आहे. गवयांच्या मैफलीत शिष्टाचार फार असतो. आपल्या वा दुसऱ्याच्या उस्तादाचे नाव घेताच कानाच्या पाळीला हात लावणे, वडीलधारा गवई बैठकीत असल्यास त्याची इजाजत घेऊन तंबोरे जुळविणे, कनिष्ठाने आधी व ज्येष्ठाने शेवटी गाणे, हे सारे रीतीचे भाग होत. रीत पाळणाराच्या मनात आदर असेलच असे नाही. सबब आम्ही आदराच्या तीन पायऱ्या मानितो. पहिली वाणीची, म्हणजे केवळ तोंडची स्तुती. दुसरी कृतीची, म्हणजे आपला शिष्य दुसऱ्याकडे धाडणे, दुसऱ्याच्या घराण्यातील तयार गवयास विद्या देणे, त्याच्या बरोबरीने एका रंगमंचावर उभे राहणे. तिसरी परिणामाची, म्हणजे दुसऱ्याचे गाणे ऐकून स्वतःचे गाणे बदलणे. वाणी खोटी असू शकते. कृती क्वचित खोटी असते. परिणाम खोटा असणे शक्य नाही, कारण आयुष्यभर तयार केलेला गळा कोणी केवळ उपचारासाठी बदलीत नाही.

ही कसोटी करवीर व भोवतालच्या प्रांतातील गायकांस लावून काय निष्पन्न होते हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. देश आणि काल

संगीताशी करवीरचा संबंध अर्वाचीन नव्हे. संगीतरत्नाकराचा कर्ता शार्ङ्गदेव ज्या सिंघण यादवाच्या आश्रयास होता, त्याच सिंघणाने शिलाहार भोज दुसरा यास जिंकून पन्हाळा-कोल्हापूरचा प्रदेश यादवांच्या राज्यास जोडिला. परंतु आमच्या विषयाचा काल तेराव्या शतकाचा नसून इ. स. १८९४ ते १९२२ हा आहे. १८९४ साली श्रीशाहू छत्रपतींनी राज्यकारभार हाती घेतला व ६ मे १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. या अठ्ठावीस वर्षांत कोल्हापूरभोवती सुमारे तीस मैलांच्या टापूत जी मंडळी नांदली, तशी एकत्र क्वचितच कोठे नांदली असतील.

कोल्हापुरात जयपूर-अत्रौली परंपरेचे अल्लादियाखाँसाहेब होते. इचलकरंजीस तेथील अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे मुख्य श्रेय यांचे. पंचगंगेकाठच्या कुरुंदवाडास हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांचा उत्तरकाल गेला; याच कुरुंदवाडात १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले आणि मिरजेस बाळकृष्णबुवांजवळ शिकले. मिरजेस पुढे किराण्याचे अब्दुल करीमखाँ स्थायिक झाले व मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांस चिरविश्रांती मिळाली. तंबोरे आणि सतारी करणाऱ्या कारागिरांचे मिरज हे गाव. म्हणजे वाद्य एकाच पेठेतून येई आणि त्यावर गाणे तीन घराण्यांचे चाले. १८९१ पासून मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाल्याने गवई, साथीदार व ऐकणारे यांचे जाणे-येणे सोपे झाले. एकमेकांचे गाणे ऐकावयास मिळणे ही परस्परादराची पहिली अट; ती या टापूत पुरी झाली होती. कोल्हापूरचा देवल क्लब हे अशा ऐकण्याचे एक प्रसिद्ध स्थान होय.

३. ध्वनिमुद्रिकांची कसोटी : रहिमतखाँ व अब्दुल करीमखाँ

जेथे गाणे आज ऐकावयास मिळते तेथे गुणिजनांची साक्ष प्रत्यक्षाशी ताडून पाहता येते, म्हणून आरंभी ते उदाहरण घेतो.

रहिमतखाँ हे ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे चिरंजीव. त्यांचे चित्त पुढे भ्रमिष्ट झाले आणि अफूच्या व्यसनाने देहाचीही दशा वाईट झाली. अशा अवस्थेत काशीस विष्णुपंत छत्रे यांनी त्यांस हुडकून काढिले. विष्णुपंतांची कीर्ती सर्कशीचे संस्थापक म्हणून झाली. परंतु त्यांनी ग्वाल्हेरीस हद्दूखाँपाशी गायनाची तालीम घेतली होती. गुरुपुत्र म्हणून त्यांनी रहिमतखाँचा सांभाळ केला, सर्कशीबरोबर त्यांस गावोगाव नेले, त्यांची गाणी करविली. आणि १९०५ साली विष्णुपंत वारल्यावर त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनी तेच व्रत चालविले. ज्यास आपल्या जेवण्या-झोपण्याचे भान नाही अशा गुणी माणसास एका घराने एवढी वर्षे जपावे, ही आदराची दुसरी पायरी होय. छत्रे बंधूंनी हे केले नसते तर भूगंधर्व ही पदवी मिळविणारा हा गळा काशीच्या एखाद्या घाटावर निनावी संपला असता, आणि पुढे सांगावयाची गोष्ट घडलीच नसती.

ती गोष्ट अब्दुल करीमखाँ यांची. हे किराण्याचे, म्हणजे निराळ्या घराण्याचे, आणि रहिमतखाँहून पुष्कळ लहान. रहिमतखाँचे गाणे त्यांनी ऐकिले व त्या गाण्याचे ते भक्त झाले, असे त्या काळच्या गायकवर्गात सर्वतोमुखी होते. ही झाली वाणीची साक्ष. तिची परीक्षा ध्वनिमुद्रिका करितात. अब्दुल करीमखाँच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका १९०५ च्या सुमाराच्या आहेत. रहिमतखाँच्या १९२० च्या आगेमागे निघाल्या. आणि अब्दुल करीमखाँच्या विशेष प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका १९३४ नंतरच्या, म्हणजे त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या तीन वर्षांतल्या आहेत. तिन्ही क्रमाने ऐकाव्या. पहिल्यांत जलद, दाणेदार, चपळ असा तरुण गवई भेटतो. शेवटच्यांत उंच पट्टीत लावलेला, लांबविलेला, आर्त स्वर आहे; तान घाईने येत नाही, स्वरातून आपोआप सुटते. मधल्या रहिमतखाँच्या ध्वनिमुद्रिकांत तोच उंच, मोकळा, सरळ स्वर आपणांस आधीच भेटलेला असतो. भैरवीतील यमुनातीराची ठुमरी तर दोघांच्याही ध्वनिमुद्रिकांत आहे. ती एकापाठोपाठ एक ऐकणारास निराळे प्रमाण नको.

येथे अनुकरण व आदर यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. शार्ङ्गदेवाने गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत : शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक व भावक. दुसऱ्याच्या गाण्याची ढब जशीच्या तशी उचलणारा तो अनुकार. गीतास काही अधिक शोभा आणून देणारा तो भावक. अब्दुल करीमखाँ रहिमतखाँचे अनुकार झाले नाहीत. ग्वाल्हेरीची बांधणी, बोलतानांचा डौल, ख्यालाची आखीव चाल यांपैकी काही त्यांनी घेतले नाही. स्वर कसा लावावा एवढीच एक गोष्ट घेतली आणि तिच्यावर आपली किराण्याची इमारत नव्याने उभारिली. दक्षिणेतील संगीताशीही त्यांचे वर्तन असेच होते. कर्नाटकी पद्धतीची सरगम व कृती त्यांनी आदराने आत्मसात केल्या, ध्वनिमुद्रितही केल्या. तथापि ते अखेरपर्यंत हिंदुस्थानी गवईच राहिले. १९३७ साली त्यांचा अंत झाला तोही मद्रासकडच्या प्रवासातच.

तात्पर्य, जेथे वाणीची साक्ष व प्रत्यक्ष श्रवण ही दोन्ही उपलब्ध आहेत तेथे साक्ष खरी ठरते, इतकेच नव्हे तर परिणामाच्या पायरीपर्यंत खरी ठरते. हा निर्णय हाती ठेवून आता ज्यांचा आवाज कोणत्याही यंत्राने धरून ठेविला नाही त्यांच्याकडे वळू.

४. ज्यांचा आवाज उरला नाही : अल्लादियाखाँ व भास्करबुवा

अल्लादियाखाँसाहेब (१८५५–१९४६) आणि देवगंधर्व भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. विसाव्या शतकातील महाराष्ट्रीय गायनावर ज्यांचा ठसा सर्वांत खोल उमटला असे म्हणता येईल, त्या दोघांचेही गाणे आपणांस केवळ इतरांच्या तोंडून कळते. म्हणून येथे साक्षीचा विचार केवळ कुतूहलाचा नसून अपरिहार्य आहे.

खाँसाहेबांचा जन्म उनियाऱ्याचा. घराणे धृपदियांचे; मूळ पुरुष आद्य गौड ब्राह्मण असल्याची त्यांच्या कुळात परंपरा होती. चुलते जहांगीरखाँ यांजपाशी धृपद व ख्याल यांची दीर्घ तालीम झाली. पुढे माळव्यातील अमलेटा येथे अतिरिक्त गाण्याने कंठ बसला आणि तो पूर्ववत् कधीच झाला नाही. येथून त्यांच्या गायकीचा खरा इतिहास सुरू होतो. जो गळा उरला त्यास साजेल अशी गायकी त्यांस पुन्हा रचावी लागली. आणि ती रचिताना त्यांच्या मनासमोर जे गाणे होते ते स्वतःच्या घरचे नव्हे, तर बडे महंमदखाँचे पुत्र मुबारक अलीखाँ यांचे. त्यांच्या पेचदार, एकातून एक निघणाऱ्या तानांचा संस्कार खाँसाहेबांनी लपविला नाही. नातू अजीजुद्दीनखाँ यांस त्यांनी सांगितलेले आत्मवृत्त आता भाषांतररूपाने प्रसिद्ध आहे; स्वतःच्या कुळाबाहेरच्या गवयांविषयी हा मानी पुरुष किती मोकळेपणाने बोलतो हे तेथे पाहावे. आज ज्या गायकीस आपण एका घराण्याची म्हणून ओळखितो, तिच्या पायातच दुसऱ्या घराण्याविषयीचा आदर घातलेला आहे. घराणी म्हणजे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले किल्ले, अशी जी समजूत रूढ आहे तिला याहून मोठा बाध कोणता?

१८९५ च्या सुमारास खाँसाहेब शाहू छत्रपतींच्या आश्रयास आले व छत्रपतींच्या अखेरपर्यंत कोल्हापुरास राहिले. याच काळात त्यांच्याकडे भास्करबुवा आले.

भास्करबुवांचे शिक्षण एका उस्तादापाशी झालेले नव्हते. कठोर गावी जन्मलेला हा मुलगा लहानपणी किर्लोस्कर मंडळीत होता. इंदुरास बीनकार बंदे अलीखाँ यांनी त्याचे गाणे ऐकून त्यास गंडा बांधिला. आवाज फुटल्यावर नाटकमंडळी सुटली आणि बडोद्यास फैज महंमदखाँ यांच्यापाशी ग्वाल्हेरीच्या ख्यालाची तालीम मिळाली. पुढे आग्रा घराण्याचे नत्थनखाँ यांचे गाणे ऐकून मन तिकडे ओढले, तेव्हा फैज महंमदखाँनी आडकाठी केली नाही. आपण मेहनतीने तयार केलेला शिष्य दुसऱ्या घराण्याच्या गवयाकडे जाऊ देणे म्हणजे त्या गवयाची थोरवी कबूल करणेच होय. आणि ही कबुली वाणीची नसून कृतीची आहे. भास्करबुवा धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षक असता व अन्यत्रही नत्थनखाँची तालीम चालू होती. १९०१ साली नत्थनखाँ वारले.

त्यानंतर तिशी ओलांडलेला, नावारूपास आलेला, दोन घराण्यांच्या विद्येने पुष्ट असा हा गवई अल्लादियाखाँसाहेबांचा शिष्य झाला. या घटनेचे दोन पक्ष आहेत आणि दोन्ही विचारात घेतले पाहिजेत. भास्करबुवांच्या पक्षी पाहता, ज्यास स्वतःचे शिष्य मिळू लागले त्याने पुन्हा शिष्य व्हावे हे सोपे नाही. आपल्या विद्येत अमुक उणे आहे हे चारचौघांत कबूल करावे लागते. खाँसाहेबांच्या पक्षी पाहता, त्या काळी खानदानी चिजा व अप्रसिद्ध राग घराबाहेर जाऊ न देण्याकडे उस्तादांचा कल असे. आणि परघराण्याचा तयार गवई तर एकदा ऐकून चीज उचलील असा. अशास समोर बसवून विद्या देणे म्हणजे त्याच्या सचोटीवर व ग्रहणशक्तीवर विश्वास टाकणे. आदर येथे एकेरी नाही. म्हणूनच त्यास आम्ही परस्परादर म्हणतो.

आणि परिणाम? भास्करबुवांच्या गाण्यात ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर हे तिन्ही प्रवाह एकजीव झाले होते याविषयी त्यांच्या शिष्यवर्गात दुमत नाही. त्यांचा स्वतःचा आवाज गेला. परंतु १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या स्वयंवर नाटकाच्या चाली त्यांच्या आहेत, आणि त्या बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांत आजही ऐकू येतात. मास्तर कृष्णराव, दिलीपचंद्र वेदी, गोविंदराव टेंबे ही त्यांची शिष्यमंडळी परस्परांहून इतकी भिन्न निपजली की, यांपैकी कोणी शार्ङ्गदेवाच्या व्याख्येतला अनुकार नव्हे हे उघड होते. गुरूने तीन घरांचा आदर केला. शिष्यांस आपापले घर बांधण्याची मोकळीक मिळाली.

खाँसाहेबांच्या स्वतःच्या घरातही हाच वारा होता. त्यांचे पुत्र मंजीखाँ (१८८८–१९३७) यांस रहिमतखाँच्या गाण्याची ओढ होती, ही गोष्ट संगीतज्ञांत सुप्रसिद्ध आहे. ज्या घरात अल्लादियाखाँसारखा पिता व गुरू, त्या घरचा मुलगा ग्वाल्हेरच्या स्वराकडे झुकतो. यापरते रहिमतखाँच्या थोरवीचे प्रमाणपत्र कोणते हवे? पुढे मंजीखाँनी ज्यास जवळ केले ते मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) हेही मिरजेस बाळकृष्णबुवांचे शिष्य नीलकंठबुवा अलूरमठ यांच्यापाशी शिकून आलेले, म्हणजे ग्वाल्हेरीचेच. मंजीखाँच्या पश्चात त्यांचे बंधू भूर्जीखाँ यांनी मन्सुरांची तालीम पुढे चालविली. दोन पिढ्यांत तीच घटना पुन्हा घडली, यावरून ती आकस्मिक नव्हती असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

५. साक्षीदार गोविंदराव टेंबे

या सर्व मंडळींचे गाणे ऐकून ते लिहून ठेवणारा एक कोल्हापूरकर निघाला, हे या प्रांताचे भाग्य. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे. हार्मोनिअमवादनात त्यांनी मोठे नाव मिळविले. भास्करबुवांचे ते शिष्य व साथीदार. अल्लादियाखाँचा सहवास त्यांस दीर्घकाळ लाभला. १९३९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा माझा संगीत व्यासंग हा ग्रंथ व पुढे त्यांनीच लिहिलेले अल्लादियाखाँचे चरित्र ही प्रस्तुत विषयाची प्रमुख लिखित साधने होत.

साक्षीदार म्हणून टेंब्यांची परीक्षाही केली पाहिजे. भास्करबुवा व अल्लादियाखाँ यांच्याविषयी ते शिष्यभावाने लिहितात. तेवढा भाग गुरुभक्तीचा म्हणून वेगळा काढावा. परंतु साथीदाराची एक विशेष योग्यता असते, ती ध्यानी ठेवावी. गवई पुढे काय करणार याचा अंदाज साथीदारास क्षणोक्षणी घ्यावा लागतो. जेथे अंदाज चुकतो तेथे गवयाची नवी कल्पना असते. म्हणजे कल्पकतेची मोजणी साथीदाराच्या बोटांवर प्रत्यक्ष होत असते. श्रोत्यास जे नुसते चमत्कारिक वाटते ते कोठे व कसे वेगळे आहे हे टेंबे सांगू शकतात, ते यामुळे. अल्लादियाखाँच्या तानेचा ओघ, तालाच्या मात्रांशी तिचे गुंफणे, समेवर येण्याची अनपेक्षित तऱ्हा यांविषयी त्यांचे लेखन म्हणूनच ग्राह्य होय. आणि केसरबाई केरकर, ज्यांनी १९२१ साली खाँसाहेबांचा गंडा बांधिला, व मोगूबाई कुर्डीकर यांच्या ध्वनिमुद्रिकांशी ते जुळते.

६. रंगभूमीवरील पुरावा

मैफलीतील आदर थोड्यांनी पाहिला. रंगभूमीवरील हजारोंनी पाहिला. नटवर्य केशवराव भोसले हे कोल्हापूरचेच, जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. १९०८ साली त्यांनी ललितकलादर्श काढिली व गायनात रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन घेतले. बालगंधर्वांचा रंगभूमीवरील उदयही कोल्हापुराशी निगडित आहे : शाहू छत्रपतींनी मिरजेस त्यांच्या कानावर उपचार करविले आणि १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर या दोन नटांच्या दोन मंडळ्या समोरासमोर उभ्या राहिल्या. गावोगाव रसिकांचे दोन तट पडले.

अशा वेळी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ दोन्ही मंडळ्यांनी मिळून मानापमान नाटकाचा प्रयोग केला. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. नाटक खाडिलकरांचे, १९११ चे. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. एक भास्करबुवांचा शागीर्द, दुसरा वझेबुवांचा. दोघांचा गळा, ढंग व पट्टा भिन्न. प्रतिस्पर्ध्याबरोबर एकाच रात्री, एकाच चालींत उभे राहणे म्हणजे प्रेक्षकांच्या हाती तागडी देणे होय. कमी मानणारा मनुष्य हे करीत नाही, कारण हलक्या प्रतिस्पर्ध्यावरील जयाने काही मिळत नाही. आणि भिणारा मनुष्यही करीत नाही. दोघांनी परस्परांस समबल मानिले, हाच त्या रात्रीचा ऐतिहासिक अर्थ. त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, एकतिसाव्या वर्षी केशवराव निवर्तले.

७. आक्षेप व त्यांचे निरसन

येथे कोणी म्हणेल की गवयांत मत्सरही फार होता. तो होता यात संशय नाही. चीज गाताना अंतऱ्याचे बोल मुद्दाम अस्पष्ट ठेवणे, रागाचे नाव न सांगणे, दुसऱ्याच्या घराण्याची नक्कल करून हशा पिकविणे, हे प्रकार जुन्या मंडळींस परिचित आहेत. परंतु मत्सराने आदराचा पुरावा दुबळा न होता बळावतो. जेथे विद्या लपविण्याची चाल आहे तेथे ती परक्यास दिल्याचे मोल अधिक. जेथे नक्कल करून हसण्याची चाल आहे तेथे न हसता शिकू लागणे अधिक बोलके.

दुसरा आक्षेप आख्यायिकांविषयीचा आहे व तो आम्हांस मान्य आहे. अमुक उस्तादाने अमुकाचे गाणे ऐकून तंबोरा खाली ठेविला, डोक्याची पगडी पायांशी ठेविली, रात्रभर भिंतीआड उभे राहून ऐकिले, अशा गोष्टी एकाच साच्याच्या असून निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या नावांवर सांगितल्या जातात. त्या आदराच्या आदर्शाचा पुरावा होत, घटनेचा नव्हेत. म्हणून प्रस्तुत विवेचनात आम्ही अशा गोष्टींवर भार न ठेविता कोण कोणाकडे शिकला, कोणी कोणास सांभाळिले, कोणी कोणाबरोबर प्रयोग केला आणि कोणाचे गाणे बदलले, एवढ्यावरच भार ठेविला आहे.

८. उपसंहार

ऑक्टोबर १९२१ मध्ये केशवराव, ८ एप्रिल १९२२ रोजी भास्करबुवा, त्यानंतर महिन्याच्या आत शाहू छत्रपती, आणि त्याच वर्षी रहिमतखाँ, अशी ही मंडळी पाठोपाठ गेली. अल्लादियाखाँसाहेबही कोल्हापूर सोडून मुंबईस गेले. बाळकृष्णबुवा १९२६ पर्यंत होते. तीस मैलांच्या टापूतील ते वर्तुळ अशा रीतीने मोडले. त्यातून पुढे केसरबाई, मोगूबाई, मन्सूर यांचे गाणे निघाले. परंतु एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहून एकमेकांचे ऐकणे संपले.

जे उरले तेही टिकेलच असे नाही. शाहू छत्रपतींनी बांधविलेले पॅलेस थिएटर, ज्यास पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वरात्री, आगीत जळाले. इमारत पुन्हा उभारता येते. जळालेला कागद पुन्हा लिहिता येत नाही.

म्हणून हस्तलिखितसंग्राहकांस आमचे एक मागणे आहे. कोल्हापूर, मिरज, इचलकरंजी, कुरुंदवाड येथील जुन्या घरांतून चिजांच्या वह्या अद्याप निघतात. संग्राहक बहुधा त्यांतील चिजा तेवढ्या उतरून घेतो. चिजेच्या डोक्यावर किंवा समासात ती कोणाकडून मिळाली हे अनेकदा लिहिलेले असते. पुष्कळदा ते नाव दुसऱ्या घराण्याच्या गवयाचे असते. तीच आमच्या विषयाची खरी सनद होय, कारण ज्याने ते नाव लिहिले त्याने कोणी पाहत नसता, केवळ ऋण स्मरून लिहिले. तेव्हा वही उतरून घेताना समास प्रथम उतरावा. वहीची पाने सुटी करून वाटू नयेत. वही कोणाच्या हातची व कोणत्या घरातून आली हे पहिल्या पानावर नमूद करावे. तीत हँडबिल, पत्र अथवा मैफलीची तिकिटे घातलेली आढळल्यास ज्या पानात सापडली त्याच पानात ठेवावी. अशा वीस-पंचवीस वह्यांचे समास एकत्र जुळविले तर या प्रांतात विद्या कोणत्या घरातून कोणत्या घरात गेली याचा नकाशा काढता येईल; आणि अल्लादियाखाँ व भास्करबुवा यांच्या न ऐकलेल्या गाण्याच्या आपण आजवर पोचलो त्याहून पुष्कळ जवळ पोचू. इत्यलम्.